कण्यांचं गाडगं

तीन मोठी माणसं एका बाजूला आणि चार वर्षांची सुजाता दुसऱ्या बाजूला, अशी ती लढाई होती. रोजच्यासारखी आजही सुजाताच जिंकत होती.

ओसरीवर पाट मांडून ग्यानबानं नातीला बसवलं होतं. समोर स्टीलची ताटली होती, खास तिच्यासाठी मंगरूळपीरच्या बाजारातून आणलेली. घरातली बाकीची मंडळी अजून जर्मनच्या भांड्यांतच जेवत होती. ताटलीत गव्हाची पोळी, पोळीवर साखर, साखरेवर तुपाचा थेंब. शेजारी कपात चहा आणि चहात बुडवायला बिस्किटं. आजा दोन बोटांची शिंगं करून बैल झाला. आजी भागिरथा चिमणी झाली. सुजाताचा बाप इंद्रभान मंगरूळपीरला प्राथमिक शाळेत मास्तर, सुटीचा घरी आलेला, तो कंडक्टर झाला आणि शिट्टी वाजवून म्हणाला, "हा घास खाल्ला का गाडी सुटली!"

गाडी काही सुटली नाही. पोरीनं एक बिस्किट उचललं, जिभेनं चाटलं आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं.

"पाय, खिशात ठेवलं. मंग खाईन ते," ग्यानबा म्हणाला. नातीचं कौतुक करायला त्याला एवढं पुरत असे.

सुजाताची आई पंचफुला चुलीपुढून हे सगळं पाहत होती. सुगीत तिला विषमज्वर झाला, तेव्हा पोरगी आजा-आजीकडे आसेगावला आली. ज्वर उतरून चार महिने झाले, पंचफुला पुन्हा उभी राहिली, तरी आजा पोरीला सोडायचं नाव घेईना. काल गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं लेकीचं तोंड उघडून पाहिलं होतं. समोरचे दोन दात काळे पडले होते. तेव्हापासून ती एक वाक्य मनात घोळवत होती. सासऱ्यापुढे बोलायची सवय नसल्यानं ते ओठांवर यायला वेळ लागला.

"मामाजी, उद्या पौर्निमा झाली का परवाच्या गाडीनं मी पोरीले नेतो."

बैलाची शिंगं खाली आली. "काहून? अठी काय कमी हाय तिले?"

"कमी नाई, जास्त हाय. साखर जास्त, च्या जास्त, बिस्किटं तं लयच जास्त. फक्त जेवन नाई."

"अवं, बिस्किटात ताकद असते," इंद्रभान मध्ये पडला. "पाकिटावर लिवलेलं हाय."

"पाकिटावर काय लिवलं ते सोडा. तुमी फळ्यावर काय लिवता? 'सकस आहार.' डाळ, पालेभाजी, ताक. अन् घरी येतानी पिशवीत काय? बिस्किटं!"

सकाळच्या गाडीनं अनसिंगहून आलेली नणंद बेबीताई खांबाला टेकून बसली होती. ती खो खो हसली. "दिव्याखाली अंधार म्हंतात तो हाच, दादा!"

ग्यानबा मात्र पेटला. "हे पाय पंचफुला, माही नात सायबाच्या लेकरावानी वाढन. गव्हाची पोळी खाईन, साखर खाईन. कण्या खाऊन नाई वाढनार ते!"

"मामाजी, कण्यायचं नाव कोनी काढलं?"

खरंच कोणी काढलं नव्हतं. ज्वारीच्या भरडलेल्या दाण्यांच्या त्या साध्या कण्या, घराघरात शिजतात, ताकाबरोबर खातात. पण या घरात तो शब्दही कोणी उच्चारत नसे. ग्यानबा उठला, धोतर झटकलं आणि बाहेर निघून गेला. जाता जाता बेबीताईला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "पोरगी गेली तं या घरात बोलाचं कोनासंग? माय तुयी तं माह्यासंग भांडनापुरतंच बोलते."

बेबीताईला बापाची दया आली. बापाची लाडकी होती ती, आणि खरं सांगायचं तर भावजयीची 'आमच्या मंगरूळात' ही भाषा तिला पहिल्यापासून टोचत आली होती. दुपारी भांडी घासता घासता तिनं ठरवलं, की बापाची बाजू आपण घ्यायची. पोरीला चार घास आपणच खाऊ घालायचे आणि वैनीला दाखवून द्यायचं.

पण पोरगी कुठं होती? ओसरीवर नाही, न्हाणीत नाही, शेळीपाशी नाही. बेबीताई घराच्या मागे गेली, तर तुराट्यांच्या कुंपणाला एके ठिकाणी पोराएवढं भगदाड दिसलं. पलीकडे सैफुद्दीन पिंजाऱ्याचं आंगण. भगदाडाशी डोळा लावून बेबीताईनं पाहिलं आणि तिथंच उकिडवी बसली.

लिंबाखाली चटई होती. चटईवर कल्हईचं एकच मोठं ताट, आणि त्या ताटाभोवती सैफुद्दीन, त्याची बायको अन्वरी, त्यांचा पाच वर्षांचा जमशेद आणि जमशेदला खेटून सुजाता. ताटात कण्यांचा ढीग, ढिगात ताकाचं आळं, कडेला चिवळीची भाजी आणि फोडलेला कांदा. सुजाता जेवत होती. कोपरापर्यंत ताक ओघळलेलं, गालाला भाजी लागलेली. कांद्याचा तिखट कपचा दाताखाली आला तसं तोंड वेडंवाकडं केलं, आणि दुसरा कपचा उचलला. तिला कोणी 'खाय' म्हणत नव्हतं. कोणी चिमणी होत नव्हतं. तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं; सैफुद्दीन गादीच्या कापसाबद्दल बोलत होता आणि अन्वरी "हौ, हौ" करत होती.

बेबीताई आल्या पावली परत फिरली. बापाची बाजू घ्यायचं तिच्या डोक्यातून पार गेलं.

"वैनी! वैनी, तुमची पोट्टी जेवते वं! अन्वरीच्या ताटात बसून कण्या हाणून राह्यली. गड्यामानसावानी!"

पंचफुला आधी हसली. मग पदर तोंडाला लावला, आणि डोळ्यांत पाणी कधी आलं ते तिचं तिला कळलं नाही. लेकरू आजारी नव्हतं, हट्टी नव्हतं, भुकेलं होतं. पण आपल्या घरी नाही, लोकांच्या घरी जेवत होतं.

"मले मालूम हाय," सूप पाखडत बसलेली भागिरथा शांतपणे म्हणाली.

दोघींनी चमकून पाहिलं.

"कुंपनातल्या तुराट्या मीच सैल केल्या. रोज समोरच्या अंगनातून जाय, तं कधीतरी तुह्या बापाच्या नजरेस पडली असती."

"माय! तू?"

"मंग काय करू? पोरगी वाळून जाऊ देऊ? मी अठी कण्या शिजवू शकतो का?" भागिरथानं सूप खाली ठेवलं. "नागपुरातून दीक्षा घेऊन आला तुवा बाप. मले वाटलं, आधी मूर्ती मांडन, फोटो लावन. तं आल्याबरोबर चुलीवरचं कण्यायचं गाडगं उचललं अन् उंबऱ्यावर फोडलं. म्हने, या घरात आता हे शिजनार नाई. कण्या शिजत होत्या त्यात, माह्या हातच्या. कोंबड्यायनं खाल्ल्या. दुष्काळात आपन रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, रानातला तरोटा खाल्ला, पन कण्या नाई."

"अन् काहून, ते नाई विचारलं तू?"

"विचाराचं काय त्यात? मले मालूम होतं," भागिरथा म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. "उद्याचा दिवस पार पडू द्या. मंग पाहू."

बायकांच्या पोटात गुपित राहत नाही म्हणतात. तिघींच्या पोटात ते संध्याकाळपर्यंत मजेत राहिलं. फुटलं ते दुसरीकडूनच.

संध्याकाळी ग्यानबा ओट्यावर नातीची तालीम घेत होता. वैशाखी पौर्णिमेला विहारात खीर ठेवायचा मान यंदा तिला होता. ज्या सुजातानं गौतमाला खीर खाऊ घातली तिचं नाव त्यानंच हट्टानं नातीला ठेवलं होतं. जगाला खाऊ घालणारीचं नाव, आणि पोरगी स्वतः खाईना, यावरून साऱ्या वस्तीत त्याची थट्टा व्हायची. तो ती मोठ्या अभिमानानं ऐकून घ्यायचा.

"अशी दोन्ही हातानं वाटी धराची. हळूहळू चालाचं. मूर्तीपुढं ठेवाची अन् पाया लागाचं."

"मंग बुद्ध खाईन?"

"मूर्ती हाय वं ते. मूर्ती कुठी खाते?"

"मंग कोन खाईन?"

"सगळ्यायले वाटाची. सांग बरं, सगळ्यात पयले कोनाले देशीन?" ग्यानबानं विचारलं आणि मिशीतल्या मिशीत हसत उत्तराची वाट पाहू लागला. उत्तर त्याला पाठ होतं.

"अन्वरीचाचीले."

"अरे! अन् मले नाई? काहून वं?"

"चाची मले रोज कण्या देते."

चुलीपुढे पंचफुलाच्या हातून पळी पडली. ग्यानबानं नातीच्या हातातली रिकामी वाटी काढून घेतली आणि खाली ठेवली.

त्याचा बाप गावचा येसकर, वेशीचा राखणदार होता. संध्याकाळ झाली की घोंगडीची झोळी करून दारोदार जायचा आणि आवाज द्यायचा. झोळीचं एक टोक धरायला सुजाताएवढा ग्यानबा असायचा. भाकर वरून पडायची, हात लागू नये म्हणून. ताजी असली तर झोळीतून पोटाला ऊब लागायची. बहुतेक वेळा ती शिळीच असायची. पाटलाच्या वाड्यापुढं किती वेळ थांबायचं, आवाज किती मोठा काढायचा, हे त्याला पाटी-पेन्सिलीच्या आधी आलं. ज्या दिवशी झोळी रिकामी येई त्या दिवशी माय गाडग्यात कण्या शिजवायची. कण्या म्हणजे आज कोणी भाकर टाकली नाही. दीक्षा घेतली त्या दिवसापासून ग्यानबा कुणाच्या दारात उभा राहिला नव्हता, आणि आपलं लेकरू कधी राहणार नाही हे त्यानं स्वतःला सांगून ठेवलं होतं. आणि आता नात.

तो उठला आणि पिंजाऱ्याच्या घराकडे चालू लागला. मागून बेबीताई धावली, इंद्रभान धावला. "बाबा, भांडू नोका!" पण तो कशाला ऐकतो!

अन्वरीच्या आंगणाच्या तोंडाशी तो थांबला. आत गेला नाही. त्याचा बाप लोकांच्या दारी जिथं थांबायचा, बरोबर तिथं थांबला, आणि ते आपल्या ध्यानात आल्यावर आणखीच चिडला.

"अन्वरी! माह्या नातीनं तुह्या दारात हात पसरला का?"

अन्वरी घाबरून बाहेर आली. काय झालं ते तिला आधी कळेना. मग कळलं तशी ती हसायलाच लागली. "हाथ कौन पसारता चाचा? सबके हाथ तो थाली में थे! एक दिन जमशेद खा रहा था, ये आके बाजू में बैठी. मैं पूछी भी नहीं. पूछना क्या उसमें?"

"फुकट खाल्लं ना पन!"

"फुकट?" अन्वरीनं कमरेवर हात ठेवला. आता चिडायची पाळी तिची होती. "और मेरा जमशेद रोज इसकी जेब के बिस्किट खाता, वो क्या है? पेट खराब करके बैठा है मेरा बच्चा! मैं आपके दरवाजे पे आई क्या लड़ने को?"

ग्यानबाच्या मागे इंद्रभानचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दर आठवड्याला पिशवीतून आणलेली ताकद पिंजाऱ्याच्या पोराच्या पोटात गेली होती, आणि तिथंही ती टिकली नव्हती.

बेबीताईला हसू आवरेना. "दादा, आता पाकिटावर काय लिवलं ते जमशेदले विचार!"

ग्यानबा हसला नाही. त्यानं विचारलं, "तुमी सगळे एकाच ताटात जेवता?"

"और क्या चाचा. दस थालियाँ धोने को कौन बैठता?"

तो मान खाली घालून परतला, त्या संध्याकाळी जेवला नाही, आणि भागिरथानं त्याला 'जेवा' म्हटलं नाही.

पौर्णिमेची सकाळ छान झाली. नवा पांढरा फ्रॉक, दोन वेण्या, हातात खिरीची वाटी. सुजाता विहारात इतकी हळू चालली की वंदना म्हणणाऱ्यांना दोनदा थांबावं लागलं. वाटी ठेवली, पाया पडली, आणि उठता उठता बोट खिरीत बुडवून चाटलं. सगळं विहार हसलं. ग्यानबाही हसला. पण घरी परतताना मंडळींनी पाहिलं, तर तो सोबत नव्हता.

दुपार डोक्यावर आली तरी त्याचा पत्ता नव्हता. पंचफुलानं खुंटीवरचे पोरीचे फ्रॉक काढून पिशवीत भरले.

"वैनीचं बरोबर हाय माय," बेबीताई म्हणाली. कालची बाजू तिनं पुरती बदलली होती. "बाबा पोरीले जीव लावते, पन पाटावर बसवून लावते. लेकरू एकटं जेवते का? आपन सगळे मागं चुलीपुढं भाकर-भाजी खातो अन् ते तठी एकटं, देव्हाऱ्यातल्या देवावानी."

"देव तरी निवेद खाते," भागिरथा म्हणाली. मग दाराकडे पाहून हळूच बोलली, "गाडगं फोडलं त्या दिवशीबी असाच निघून गेला होता. रागात असला का सांगून जात नाई."

तेवढ्यात दारात सावली पडली. ग्यानबा होता. डोक्याचा शेला घामानं ओला, पाय धुळीनं भरलेले, आणि दोन्ही हातांत, सुजातानं खिरीची वाटी धरली होती तसंच धरलेलं, कुंभाराकडचं कोरं गाडगं.

भागिरथा उभी राहिली. गाडग्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. जे म्हणायचं होतं ते बाजूला राहिलं आणि ती म्हणाली, "कोऱ्या गाडग्यात आजच्या आज काई शिजत नाई. आधी पान्यात ठेवा लागते. इतकंबी इसरले?"

"मंग ठेव पान्यात. उद्या शिजव."

"अन् आज?"

"आज मैं लाई ना चाची!" ग्यानबाच्या मागून अन्वरी पुढं आली. तिच्या डोक्यावर कण्यांचं भांडं, सैफुद्दीनच्या हातात ताकाचा तांब्या, आणि जमशेद आपल्या खराब पोटासकट. कुंभाराकडून परतताना ग्यानबा त्यांच्या आंगणात गेला होता. या खेपेला तोंडाशी थांबला नव्हता. आत जाऊन चटईवर बसला होता आणि म्हणाला होता, आज आमच्याकडं जेवाले या, खीर केली हाय.

घरात एवढ्यांना पुरेल असं ताट नव्हतं. बेबीताईनं कणकेची परात घासून आणली. स्टीलची ताटली खिरीवर झाकण म्हणून गेली. परातीत कण्या ओतल्या, मध्ये ताकाला आळं केलं, आणि भागिरथानं सकाळी करून ठेवलेली चिवळीची भाजी कडेनं लावली. सुजाता कोणी बोलवायच्या आत बसली. तिच्याजवळ जमशेद, मग सैफुद्दीन, इंद्रभान, बेबीताई.

ग्यानबा उभाच होता. "पंचफुला," तो म्हणाला, "पोरीले ने. माय हाय तू तिची. मी आडवा येनार नाई."

पंचफुलाच्या हातात पिशवी होती. तिला एकदम सासऱ्याचे धुळीचे पाय दिसले. वैशाखाच्या उन्हात कुंभारवाड्यापर्यंत, अनवाणी.

"मामाजी, एक सांगू का? पोरगी तुमच्यापाशी उपाशी नाई राह्यली. एकटी राह्यली. तुमी तिच्यासंग बसून, तिच्या ताटातलं जेवान, तं राहू द्या तिले शाळेत घालेपर्यंत. बिस्किट घरात येनार नाई, च्या येनार नाई. अन् तुमी नाई जेवले, तं उद्याची गाडी हाय."

त्या घरात सुनेनं सासऱ्याला अट घातल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. इंद्रभाननं बायकोकडे पाहिलं आणि, त्याच्या आयुष्यात प्रथमच असेल, शहाणपणानं गप्प राहिला.

ग्यानबा मांडी घालून बसला. हात परातीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. कण्यांचा वास तोच होता, इतक्या वर्षांत बदलला नव्हता. भागिरथानं तोंड फिरवलं.

सुजाताला हे काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आबाच्या तोंडात घास नाही. तिनं पाचही बोटांनी कण्या कालवल्या, ताक गळत असलेला तिचा तो केवढा तरी घास उचलला आणि आज्याच्या मिशीवर नेऊन टेकवला.

"आबा, आ कर. कोनी पाहून नाई राह्यलं."

ग्यानबानं तोंड उघडलं. घास आत गेला, थोडा मिशीत राहिला. तो चावू लागला. बराच वेळ चावत राहिला. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत. घास गिळला, परातीकडे पाहिलं, मग अन्वरीकडे, आणि म्हणाला,

"मीठ कमी हाय."

"अवं माय!" भागिरथा कडाडली. "दीक्षेच्या वर्सापासून आज कण्या जेवला हा मानूस, अन् पयल्या घासाले नाव ठेवलं! लोकायच्या घरचं हाय, लाज धरा!"

"लोक कुठी हायत अठी?" ग्यानबा म्हणाला आणि स्वतःच्या हातानं दुसरा घास उचलला. "मीठ आन."

अन्वरी हसत सुटली, मग बेबीताई, मग सगळेच. भागिरथा मीठ आणायला आत गेली आणि मिठाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ आत राहिली.

पंचफुला उठली. पिशवी उघडून तिनं लेकीचे फ्रॉक एकेक करून झटकले आणि खुंटीवर परत टांगले. मग हात धुतले, सासऱ्यानं सरकून करून दिलेल्या जागेवर बसली आणि परातीत हात घातला.